कावसजीचं नाक आणि माझ्या मामेभावाची नडगी

मागच्या पावसाळ्यात घाटकोपरला माझ्या मामेभावाची बाईक घसरली. नडगीवर मोठी जखम, आत पांढरं हाड उघडं. डॉक्टर म्हणाले, फ्लॅप करावा लागेल. मामीचा हट्ट, मांडीची पातळ कातडी काढून चिकटवा की! फॉर्मवर सही होईना. त्या रात्री वॉर्डाबाहेर बसून मोबाईलवर फ्लॅप शोधत होतो, तेव्हा कावसजी सापडला.

नाव पारशी वाटतं, पण नोंदीत तो शेतकरी घरातला मराठा. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकायचा. १७९२ च्या युद्धात टिपू सुलतानाच्या कैदेत पडला आणि तिथे त्याचं नाक व एक हात कापला गेला. पुढे तो मुंबईच्या फौजेत आला, कंपनीनं पेन्शन दिलं. पण नाक? वर्षभर तो तसाच वावरला.

मग पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या समाजातल्या एका माणसानं त्याला नवं नाक करून दिलं. छापलेल्या हकीकतीत त्या कारागिराचं नावच नाही, हे मला खटकतं. त्यानं आधी मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या आकारात बसवला, मग तो सपाट करून कपाळावर ठेवला आणि कडेनं रेघ मारली. तेवढी कातडी सोडवली, पण दोन भुवयांमध्ये एक बारीक पट्टी जोडलेलीच ठेवली. कातडी खाली वळवून नाकाच्या जागी बसवली. वरून काथ लावलेल्या कापडाच्या पट्ट्या. हो, पानातला काथ! चार दिवसांनी तुपात भिजवलेलं कापड. साधारण पंचविसाव्या दिवशी ती पट्टी कापली.

सगळी गंमत त्या पट्टीत आहे. नुसती कातडी म्हणजे चार्जर काढलेला मोबाईल. तिला खालून रक्त मिळालं तरच जगते, आणि उघडं हाड ते देत नाही. फ्लॅप चार्जरसकट येतो. नव्या जागेतून रक्तवाहिन्या आत शिरल्या की जुनी वायर कापता येते.

जेम्स वेल्सनं १७९४ च्या जानेवारीत कावसजीचं चित्र काढलं. ऑक्टोबरमध्ये ही हकीकत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आली आणि १८१४ मध्ये जोसेफ कार्प्यूनं तिकडे तसंच ऑपरेशन केलं. कावसजीचं पुढे काय झालं, ते मात्र मला सापडलं नाही.

नडगीपुढे स्नायू नसतो, कातडीखाली थेट हाड. म्हणून पूर्वी एका पायाची कातडी दुसऱ्याला जोडून दोन्ही पाय तीनेक आठवडे बांधून ठेवत. भावाचं तसं झालं नाही. पेनाएवढ्या डॉप्लरनं डॉक्टरांनी जखमेजवळची रक्तवाहिनी शोधली. शूं शूं आवाज आला तिथे खूण केली. त्या एका वाहिनीवर कातडीचा तुकडा पंख्याच्या पात्यासारखा फिरवून हाडावर आणला. मामीची पातळ कातडी लागलीच, पण मागे उरलेल्या खड्ड्यावर.

सही मामीनंच केली, मी तिला कावसजीचं चित्र दाखवल्यावर. पहिल्या रात्री सिस्टर तासातासाला फ्लॅपवर बोट दाबून रंग परत येतो का बघायच्या. जांभळा पडला तर रक्त अडलंय. पहाटे चारला मीही टॉर्च धरला होता. गुलाबी होता.