श्रीगाडगेबाबा आणि आत्मविश्वासाचा वसा

वऱ्हाडातील आमच्या परीट समाजाच्या बहुतेक घरांत श्रीगाडगेबाबांची तसबीर असते. हातात खराटा, जवळ मातीचे गाडगे आणि अंगावर चिंध्यांचे वस्त्र. सकाळी तिला उदबत्ती ओवाळली जाते; आणि त्याच घरातील मुलगा शाळेत गुरुजींनी प्रश्न विचारला असता, उत्तर येत असूनही मान खाली घालून बसतो. ह्या दोन गोष्टी एकाच छपराखाली कशा नांदतात, हा प्रश्न आम्हांस अस्वस्थ करीत आला आहे. म्हणून ह्या स्मरणिकेत बाबांचे चरित्र आम्ही एका विशिष्ट दृष्टीने सांगणार आहोत. ज्यांच्यापाशी ना अक्षर होते, ना द्रव्य, ना कुळाची प्रतिष्ठा, त्यांच्या ठिकाणी एवढा आत्मविश्वास कोठून आला, आणि तो आपल्या मुलाबाळांत कसा उतरेल, एवढेच आम्हांस पाहावयाचे आहे.

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला. पाळण्यातले नाव देबूजी. वडील झिंगराजी दारूच्या व्यसनापायी अकाली गेले, तेव्हा देबूजी अवघा आठ वर्षांचा होता. माता सखूबाई त्याला घेऊन आपल्या माहेरी, मूर्तिजापूरजवळील दापुरे गावी आली. तेथे मामाची गुरे राखणे, शेत नांगरणे, पूर्णेच्या पाण्यात पोहणे ह्यांतच त्याचे बालपण सरले. शाळेची पायरी त्याने कधी चढली नाही.

परंतु रात्री गावात भजन होई, आणि तेथे देबूजीला गुरू भेटला. तो गुरू अडीचशे वर्षांपूर्वी होऊन गेलेला देहूचा तुकोबा होय. अभंग त्याने कानांनीच ऐकले आणि कंठात साठविले. धर्माविषयी बोलण्याचा अधिकार ज्याला तत्कालीन पंडितांनी नाकारला, तो एक दुकानदार निर्भयपणे बोलला आणि त्याचे बोलणे टिकले. ही गोष्ट त्या गुराख्याच्या मनात खोल रुजली असावी, असे आम्हांस वाटते. धीट माणसाकडून काय शिकावे, ते येथे ध्यानात येते. तुकोबांचा वेष किंवा आवाज देबूजीने उचलला नाही. अनुभवास आलेली गोष्ट साध्या शब्दांत आणि न भिता बोलावी, एवढी एकच सवय त्याने घेतली आणि ती जन्मभर जपली.

धीटपणा नसल्याची किंमतही त्याने घरातच पाहिली. मामा चंद्रभानजी सावकाराच्या कर्जात सापडले. कागदावर अंगठा उठवावयाचा आणि वहीत काय लिहिले ते सावकाराने सांगेल तेच खरे मानावयाचे, अशी ती रीत होती. जमीन हातची गेली आणि त्या दुःखाने मामा खचून वारले. पुढे शेताचा ताबा घ्यावयास आलेल्या सावकाराच्या माणसांसमोर देबूजी एकटा उभा राहिला, अशी हकीकत चरित्रकार देतात. वही वाचता न येणारा माणूस न्यायाच्या बाजूला असूनही गप्प बसतो, हा धडा ते कधीच विसरले नाहीत. मुलांना शिकवा, हा आग्रह त्यांच्या कीर्तनात पुढे अखेरपर्यंत राहिला, त्याचे मूळ दापुऱ्याच्या ह्या शेतात आहे.

तथापि आमच्या मते त्यांच्या धैर्याची खरी कसोटी सावकारापुढे लागली नाही. ती स्वतःच्या अंगणात, जातभाईंच्या पंगतीत लागली. १८९२ साली देबूजीचा विवाह कुंताबाईंशी झाला. पहिल्या कन्येच्या बारशाला मांस आणि दारू द्यावयाची, अशी जातीची चाल होती. त्यासाठी कर्ज काढावे लागले तरी लोक काढीत. देबूजीने गोड अन्नाचे जेवण घातले. जातीत कुरकुर झाली, पण तो ढळला नाही. परक्या माणसाचा विरोध सोसणे त्या मानाने सोपे. आपल्याच माणसांचे टोमणे सोसून योग्य ते करणे कठीण. ज्या दारूने बाप नेला ती आपल्या मुलीच्या बारशाला येणार नाही, हे त्याच्या मनात पक्के होते. आत्मविश्वास म्हणतात तो बहुधा असाच एखाद्या लहानशा, स्वतःच्या घरातल्या निर्णयातून जन्मास येतो.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी गृहत्याग केला. ऋणमोचन येथे पूर्णेच्या काठी यात्रेकरूंचे चिखलात हाल होत. तेथे १९०८ साली घाट बांधला गेला. पुढे गावोगाव दिवसा खराट्याने रस्ते झाडावे आणि रात्री कीर्तन करावे, हा त्यांचा क्रम झाला. त्या कीर्तनाची एक रीत आमच्या पालकांनी मुद्दाम लक्षात घ्यावी. बाबा नुसते सांगत नसत, विचारीत असत. प्रश्न असा की, त्याचे उत्तर समोरच्या शेतकऱ्याला आपल्या अनुभवानेच ठाऊक असावे. मग ते उत्तरासाठी थांबत. पाटलापुढे ज्याने कधी तोंड उघडले नाही तो माणूस भर सभेत मोठ्याने उत्तर देई. आपल्यालाही काही समजते आणि ते चारचौघांत बोलता येते, हा प्रत्यय घेऊन तो घरी जाई.

एवढा अधिकार मिळूनही त्यांना गर्व शिवला नाही. आपण कोणाचे गुरू नाही आणि आपला कोणी शिष्य नाही, असे ते सांगत. नाशिक, आळंदी, देहू, पंढरपूर येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या; कुटुंबासाठी त्यांनी त्यांतले काही घेतले नाही. १९१७ साली बांधलेली पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली. स्वतः निरक्षर असलेल्या ह्या पुरुषाला विद्वानाचा मत्सर वाटला नाही. उलट बाबासाहेबांच्या विद्येचा दाखला ते लोकांपुढे ठेवीत. धीट माणूस दुसऱ्याच्या मोठेपणाने लहान होत नाही, ही त्याची खूण होय. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने १९५४ साली कऱ्हाडच्या महाविद्यालयास बाबांचे नाव दिले, आणि २००५ साली अमरावती विद्यापीठही त्यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. शाळा न पाहिलेल्या परिटाच्या मुलाचे नाव आज पदवीपत्रावर छापलेले असते.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे येत असता वलगावजवळ पेढी नदीच्या परिसरात बाबांनी देह ठेवला. अमरावतीत त्यांची समाधी आहे आणि तेथे आपण सर्व जण जातो.

बंधुभगिनींनो, बाबांकडून घ्यावयाचे ते सर्व एकदम घेऊ म्हटले तर काहीच हाती लागणार नाही. एका वर्षात एक सवय घ्यावी. घरी मुलाला प्रश्न विचारावा आणि त्याचे उत्तर संपेपर्यंत मध्ये बोलू नये. वडिलांचा धंदा कोणता, असे कोणी विचारल्यास परीटकाम हे उत्तर मुलीने स्पष्ट आवाजात द्यावे. कागद वाचल्यावाचून सही करू नये. लग्नात, बारशात कर्ज काढून पंगत घालू नये, आणि जो घालीत नाही त्याला कोणी टोमणा मारू नये. समाजात जे चार धीट स्त्रीपुरुष आहेत, त्यांच्याजवळ आपल्या मुलांना बसवावे, त्यांचे काम पाहू द्यावे. पुढील वार्षिक मेळाव्यात भाषणे वडीलधाऱ्यांनी थोडकी करावीत आणि तो वेळ मुलामुलींना द्यावा, अशी आमची कार्यकारी मंडळास नम्र सूचना आहे.