शेठ वालचंद हिराचंद आणि स्वदेशी मोटारगाडी

जुन्या मोटारगाड्या जपून ठेवणे हा केवळ धनिकांचा छंद होय, असा समज आपल्याकडे रूढ आहे. संस्थानिकांच्या रोल्सरॉइस गाड्या पाहावयास मोठी गर्दी लोटते, हेही खरे. तथापि जळगाव-धुळ्याकडील एखाद्या अंगणात ताडपत्रीखाली जपलेली गोल दिव्यांची जुनी फियाट जेव्हा दृष्टीस पडते, तेव्हा तिच्यामागे कोणत्या पुरुषाचे परिश्रम उभे आहेत, याचा विचार आपण क्वचितच करितो. त्या पुरुषाचे चरित्र आम्ही आज आमच्या वाचकांपुढे ठेवीत आहो.

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे एका जैन व्यापारी कुटुंबात झाला. मुंबई व पुणे येथे त्यांनी काही काळ महाविद्यालयीन शिक्षण घेतले. परंतु ते पुरे झाले नाही. घरी कापसाचा व सावकारीचा धंदा चालत होता. त्यात या तरुणाचे मन रमेना. तेव्हा लक्ष्मणराव फाटक या रेल्वेतील माजी कारकुनाशी भागी करून त्यांनी बार्शी लाइट रेल्वेच्या कामाचा मक्ता घेतला. सावकाराच्या मुलाने खडी-मातीच्या कामात हात घालावा, हे त्या काळी अनेकांस विपरीत वाटले असेल. पण पुढे बोरघाटातील रेल्वेचे बोगदे व तानसा तलावाचे पाणी मुंबईस आणणारी नळवाहिनी अशी अवघड कामे याच मार्गाने त्यांच्या हाती आली.

पहिले महायुद्ध संपताच त्यांची दृष्टी समुद्राकडे वळली. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांचे 'लॉयल्टी' नावाचे जहाज विकावयाचे आहे, असे कळताच त्यांनी नरोत्तम मोरारजी प्रभृति मित्रांसह ते विकत घेतले व १९१९ साली सिंदिया कंपनी स्थापन केली. ५ एप्रिल १९१९ रोजी ते जहाज मुंबईहून लंडनकडे निघाले. बलाढ्य इंग्रज कंपन्यांनी भाड्याचे दर पाडून या नव्या कंपनीचा श्वास कोंडण्याचा यत्न केला. तरीही ती तगली. ५ एप्रिल हा दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

आपल्या खानदेशच्या वेशीवरही या उद्योगी पुरुषाची खूण आहे. धुळ्याहून आग्रा रस्त्याने नाशिककडे जाताना मालेगाव लागते. त्याच्या जवळच्या रावळगाव येथील खडकाळ माळरान त्यांनी लागवडीखाली आणविले आणि १९३३ साली तेथे साखरेचा कारखाना उभा केला. १९४२ पासून तेथे गोळ्या तयार होऊ लागल्या. आमच्या वाचकांच्या आजोबांनी शाळेच्या वाटेवर ज्या रावळगावच्या गोळ्या चघळल्या, त्या याच ठिकाणच्या.

आता मोटारीचा विषय. जर्मनीत कार्ल बेंझ यांनी १८८६ साली मोटारगाडीचे पेटंट घेतले. अमेरिकेत हेन्री फोर्ड यांनी १९०८ पासून आपली 'मॉडेल टी' काढून मोटार सामान्य गृहस्थाच्या आटोक्यात आणली. हिंदुस्थानात १९२८ साली जनरल मोटर्सने मुंबईत कारखाना उघडला खरा. परंतु तेथे परदेशांतून आलेले भाग केवळ जोडले जात. जोडणे निराळे आणि घडविणे निराळे. येथील कारागिराने स्वतःच्या हाताने गाडी घडवावी, हा ध्यास सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी घेतला होता. तोच वालचंदांनी उचलला.

वाट मात्र काट्यांची निघाली. मुंबईचे खेर मंत्रिमंडळ या योजनेस अनुकूल होते. पण १९३९ च्या नोव्हेंबरात त्याने राजीनामा दिला. अमेरिकेत फोर्ड कंपनीशी बोलणी जमली नाहीत; क्रायस्लर कंपनी तयार झाली. पुढे म्हैसूर संस्थानात कारखाना काढण्याचे ठरले, तर मोटार हे युद्धोपयोगी काम नव्हे असे म्हणून हिंदुस्थान सरकारने सवलत नाकारली. दुसरा कोणी असता तर खचून गेला असता. वालचंदांनी १९३९ च्या त्याच अमेरिकेच्या प्रवासाहून परतताना विमानात भेटलेल्या विल्यम पॉली या गृहस्थाशी विमानांच्या कारखान्याची बोलणी सुरू केली, आणि १९४० च्या डिसेंबरात बंगलोर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी उभी राहिली. १९४१ साली विशाखापट्टणास जहाजबांधणीच्या गोदीचा पाया घातला गेला. मोटारीची योजना मागे पडली होती. पण त्यांनी ती सोडली नव्हती. अखेर १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी निघाली, आणि १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या.

त्यानंतर वालचंदांची प्रकृती ढासळली. १९५० च्या सुमारास ते कामकाजातून निवृत्त झाले आणि ८ एप्रिल १९५३ रोजी त्यांचे देहावसान झाले. ज्या गाडीने त्यांच्या कंपनीचे नाव घरोघर नेले, ती फियाट ११०० त्यांना रस्त्यावर धावताना पाहावयास मिळाली नाही. झाड लावणाऱ्याच्या नशिबी फळ असतेच असे नाही.

१९६४ पासून येथे तयार होणारी फियाट ११०० डी पुढे 'पद्मिनी' या नावाने प्रसिद्ध झाली. इटलीत ती बनावट १९६६ साली बंद पडली. आपल्याकडे मात्र शतक संपेपर्यंत चालली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्स्यांतील शेवटची पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून निघून गेली. काल जी सर्वत्र दिसत होती, ती आज दुर्मिळ झाली. आणि दुर्मिळ होताच तिचे मोल लोकांस कळले. सुकाणूच्या दांड्याला लावलेला गिअरचा दांडा, पुढची अखंड लांब बैठक, चकचकीत बंपर यांची आज शौकीन लोकांस भुरळ पडते. पन्नास वर्षांहून जुन्या व मूळ रूपात राखलेल्या वाहनांची निराळी नोंदणी करण्याची सोयही सरकारने २०२१ च्या नियमांनी केली आहे. गाडीचे सुटे भाग शोधून, गंज काढून ती पुन्हा चालती करणारा मेकॅनिक हा आमच्या मते त्या कारागिरांचाच वारस होय.

विद्यार्थिमित्रांनो, सुटीत आपल्या गावी अशी एखादी गाडी दिसली, तर मालकाची अनुज्ञा घेऊन तिचे यंत्र अवश्य पाहा, आणि तिची निगा राखणाऱ्या माणसास चार प्रश्न विचारा. पालकांसही आमची विनंती आहे की, मुलगा किंवा मुलगी हात काळे करून यंत्र उघडू पाहील, तर त्यांस रागावू नये. पदवीवाचून महाविद्यालय सोडून खडी-मातीच्या कामास लागलेल्या सोलापूरच्या त्या तरुणाच्या मागे त्याच्या घरचे लोक उभे राहिले नसते, तर जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही उद्योगांचा आपल्या देशातील इतिहास निराळा झाला असता.