पत्त्यांच्या कारखान्यातला इलेक्ट्रॉनिक्सवाला

कुणाच्याही हातात व्हिडिओ गेमचा रिमोट द्या, डावा अंगठा आपोआप त्या अधिकच्या चिन्हासारख्या बटनावर जातो. हे बटन आजच्या रूपात ज्याने आणलं, त्याची इंजिनीअर झाल्यावरची पहिली नोकरी होती पत्ते बनवणाऱ्या मशीनच्या देखभालीची! गुन्पेई योकोई त्याचं नाव. सध्या कॅम्पसचा सीझन आहे, कोअर कंपनी मिळाली नाही म्हणून आमच्या विंगमधली अर्धी पोरं तोंड पाडून बसलीत. त्यांच्यासाठी हा लेख. (त्या अर्ध्यांत मीही आहे.)

योकोई १९४१ साली क्योटोत जन्मला. दोशिशा विद्यापीठातून इलेक्ट्रॉनिक्स केलं. मोठ्या कंपन्यांनी घेतलं नाही, म्हणून १९६५ साली गावातल्याच निन्टेन्डोत लागला. निन्टेन्डो तेव्हा हानाफुदा नावाचे जपानी पत्ते बनवायची. मशीन बिघडेपर्यंत काम नाही. मग या पठ्ठ्याने वेळ घालवायला जाळीसारखा लांब होणारा, टोकाला चिमटा असलेला एक हात बनवला. नेमके मालक हिरोशी यामाउची यांनी तो पाहिला. आपल्याकडे मेमो मिळाला असता. यामाउचींनी त्याचं खेळणं करायला सांगितलं. १९६६ साली ते 'अल्ट्रा हँड' नावाने बाजारात आलं आणि दहा लाखांच्या वर खपलं.

पुढे शार्पचे मासायुकी उएमुरा सोलर सेल घेऊन निन्टेन्डोत आले, तेव्हा योकोईच्या डोक्यात वेगळंच शिजलं. सोलर सेल म्हणजे वीज बनवायची, हे सगळ्यांना माहीत. पण उजेड पडला की नाही हेही तो सांगतोच ना! मग उजेड सोडणारी बंदूक आणि सोलर सेल लावलेलं निशाण, असं खेळणं १९७० साली आलं.

योकोईचं तत्त्व यातच आलं. नवं कोरं तंत्रज्ञान महाग असतं आणि दगा देतं. जे जुनं, स्वस्त, सगळ्यांनी कोळून प्यायलेलं आहे, ते भलत्याच ठिकाणी वापरून बघायचं. कॅल्क्युलेटरच्या एलसीडीतून त्याने १९८० साली 'गेम अँड वॉच' काढलं. १९८२ च्या घडीच्या मॉडेलवर उभी दांडी बसेना, म्हणून त्याने ते अधिकचं बटन केलं. प्लॅस्टिकचा एकच तुकडा, मध्ये टेकू, खाली चार कॉन्टॅक्ट. डावं आणि उजवं एकदम दाबताच येत नाही. बघायला साधं, पण मेकॅनिकलवाल्यांनी एकदा उघडून बघाच.

१९८३ साली उएमुरांनी घरच्या टीव्हीचा फॅमिकॉम बनवला, त्यालाही हेच बटन लागलं. अमेरिकेत तेव्हा व्हिडिओ गेमचा धंदा इतका बसला होता की दुकानदार नाव काढू देईनात. मग १९८५ साली सोबत रॉब नावाचा छोटा रोबो दिला, म्हणजे हे खेळणं वाटावं. रॉबही योकोईच्या खात्याचाच. त्याच्या डोळ्यांत प्रकाश ओळखणारा सेन्सर, टीव्हीच्या लुकलुकण्यातून त्याला हुकूम मिळायचे. गेम मात्र दोनच निघाले. काम दुकानात शिरण्याचं होतं, ते झालं.

आणि पिस्तूल! नव्वदच्या दशकात आपल्याकडे या मशीनच्या नकला घरोघरी आल्या, त्यांच्यासोबत मिळायचं तेच. बदकं मारणारं पिस्तूल काहीच सोडत नाही, उलट बघतं. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. नळीतल्या फोटोडायोडला तो दिसला तर बदक मेलं. १९७० ची युक्ती उलटी फिरवली, बस्स! आजच्या एलसीडी टीव्हीवर हे जमत नाही, कारण चित्र उशिरा येतं.

१९८९ चा गेम बॉय म्हणजे कळस. बाकीचे रंगीत पडदा देत होते, योकोईने हिरवट पडद्यावर चार छटा दिल्या. प्रोसेसर ८०८०-झेड८० च्या खानदानातला. म्हणजे लॅबमध्ये ज्या ८०८५ च्या किटला आपण शिव्या घालतो, त्याचा चुलतभाऊ! पण चार पेन्सिल सेलवर दहा तास सहज चालायचा. रंगीतवाले सहा सेल काही तासांत खायचे. रंगीत आवृत्ती धरून गेम बॉय ११ कोटींच्या वर खपला.

१९९५ चा व्हर्च्युअल बॉय मात्र साफ आपटला. डोळे लावून लाल एलईडीचं त्रिमितीय चित्र बघायचं, डोकं दुखायचं, वर्षभरात बंद. इथेही पार्ट स्वस्तच होते, पण माझ्या मते चारचौघांत खेळायची मजाच गेली. गेम बॉयची बारीक आवृत्ती बाजारात आणून १९९६ साली त्याने निन्टेन्डो सोडली आणि 'कोतो' ही स्वतःची कंपनी काढली.

४ ऑक्टोबर १९९७ ला इशिकावामध्ये हायवेवर तो बसलेल्या गाडीची पुढच्या ट्रकशी किरकोळ टक्कर झाली. नुकसान बघायला तो खाली उतरला आणि दुसऱ्या गाडीने उडवलं. वय ५६. हाती घेतलेलं काम 'वंडरस्वान' नावाने १९९९ साली बांदाई कंपनीने बाजारात आणलं. पडदा परत बिनरंगी. आणि सेल फक्त एक.