जमशेदजींच्या गिरणीतली हवा

उन्हाळा तापू लागला की मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतून आणि शहापूर-आसनगाव पट्ट्यातल्या छोट्या कारखान्यांतून चक्कर येऊन पडलेले कामगार सरकारी रुग्णालयात येऊ लागतात. पत्र्याचं छत, बंद खिडक्या, त्यात मशीनची धग. सोबत आलेल्या मालकाची तक्रार मात्र बहुधा विजेच्या बिलाची असते. चक्कर आणि बिल एकाच छपराखाली तयार होतात, हे जवळपास दीडशे वर्षांपूर्वी एका गिरणीमालकाला कळलं होतं.

जमशेदजी नुसेरवानजी टाटा यांचा जन्म 3 मार्च 1839 चा, नवसारीचा. एल्फिन्स्टन कॉलेजातून शिकून ते वडिलांच्या व्यापारात शिरले. 1869 मध्ये चिंचपोकळीची एक दिवाळखोर तेलगिरणी घेऊन त्यांनी तिची कापडगिरणी केली, दोनेक वर्षांत ती नफ्यात विकली आणि लँकेशायरला जाऊन तिथला सूतधंदा बारकाईने पाहिला.

मुंबईत गिरण्यांचं पेव फुटलं असताना त्यांनी नागपूर निवडलं. विदर्भातला कापूस मुंबईला न्यायचा आणि कापड करून परत आणायचं, म्हणजे पैशाचा धूर. नागपुरात कापूस जवळ, रेल्वे दारात, वरोऱ्याचा कोळसाही हाताशी. 1 जानेवारी 1877 रोजी तिथे एम्प्रेस मिल सुरू झाली.

सुरुवातीलाच ते चुकले. काटकसर म्हणून स्वस्त यंत्रं घेतली आणि माल हलका निघू लागला. आपल्याकडेही कुणी पुनःपुन्हा रिवाइंडिंग केलेली मोटर स्वस्तात घेतो आणि वर्षभर विजेच्या रूपात तिची किंमत फेडत बसतो. जमशेदजींनी ती यंत्रं बदलली. पुढे, लँकेशायर ‘म्यूल’वर समाधानी असताना, त्यांनी नव्या रिंग चात्या लावून पाहिल्या. म्यूलवर आधी सुताला पीळ बसतो, मग ते गुंडाळलं जातं. रिंगवर दोन्ही एकाच वेळी होतं. मधलं थांबणं गेलं आणि उत्पादन वाढलं.

नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात सूत तटातट तुटतं. प्रत्येक तुटीबरोबर कापूस, वेळ आणि इंजिनाची वाफ वाया जाते. म्हणून त्यांनी हवेत ओलावा सोडणारी यंत्रं बसवली आणि हवा खेळती राहील अशी सोय केली. डॉक्टर म्हणून मला ही दुसरी गोष्ट मोठी वाटते. नुसत्या दमट हवेत घाम सुकत नाही आणि शरीर निवत नाही. सुताचं भलं होतं, माणसाचं नाही. शिवाय कापसाची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली की सुट्टीनंतर कामावर येताच छाती आवळू लागते. या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. वाहती हवा उष्णता आणि धूळ दोन्ही कमी करते. आपल्या शेडमध्येही छताला पांढरा रंग आणि गरम हवेला वरून बाहेर पडायला वाट दिली, तर पंख्यांवरचा भार हलका होतो.

कामगारांची गैरहजेरी मोठी होती. 1886 मध्ये निवृत्तिवेतन निधी आला, 1895 पासून अपघातासाठी भरपाई मिळू लागली. ती गिरणी म्हणजे आरोग्यधाम होती असं मात्र कुणी समजू नये. देशातला पहिला कारखाना कायदाच 1881 चा, आणि तोही मुख्यतः लहान मुलांच्या कामाच्या तासांपुरता.

मुंबईच्या गिरण्या तेव्हा दुरून आणलेला कोळसा जाळत आणि धूर आसपासच्या वस्तीत पसरे. सह्याद्रीत कोसळणारा पाऊस साठवून, तो घाटाखाली सोडून वीज करायची, ही कल्पना जमशेदजींनी शेवटच्या वर्षांत उचलून धरली. ती प्रत्यक्षात आलेली त्यांनी पाहिली नाही. उपचारासाठी युरोपात गेले असताना 19 मे 1904 रोजी जर्मनीतल्या बाड नाउहाइम इथे ते वारले. तिथल्या वायुमिश्रित पाण्याच्या झऱ्यांत त्या काळी हृदयरोग्यांना स्नानाचे उपचार देत.

मुलांनी काम पुढे नेलं. 1910 मध्ये वीज कंपनी स्थापन झाली. लोणावळा परिसरातल्या तलावांचं पाणी 500 मीटरहून अधिक खाली उतरून 1915 मध्ये खोपोलीत वीज झालं आणि मुंबईच्या गिरण्यांत पोहोचलं. तेच पाणी पुढे पाताळगंगेत वाहत गेलं. याच योजनेच्या पुढच्या टप्प्यात मुळशी धरणासाठी ज्यांच्या जमिनी जाणार होत्या, त्या शेतकऱ्यांनी 1921 मध्ये सत्याग्रह केला. तानसा-भातसाकाठच्या शहापूरकरांना त्याचं कारण समजावून सांगायला नको.