चार बोटांचा फरक

मराठवाड्याला समुद्र नाही. छत्रपती संभाजीनगरहून मुंबईचा किनारा गाठायचा तर तीनशे किलोमीटरहून अधिक रस्ता तुडवावा लागतो. तरीही आमच्याकडच्या बायकांच्या पायात पिढ्यान्‌पिढ्या मासे पोहत आले आहेत. चांदीच्या मासोळ्या! अंगठ्यात अनवट, त्याच्या शेजारच्या बोटात जोडवी आणि पुढच्या बोटात मासोळी. तुळजाभवानीच्या भक्तांच्या गळ्यातली कवड्यांची माळ, तीही समुद्राचीच. वेरूळच्या एकविसाव्या लेण्यात दर्शनी भागालाच गंगा उभी आहे, ती मकरावर. हा मकर म्हणजे थोडा मगर, थोडा हत्ती, थोडा मासा असा पाण्यातला अजब प्राणी. तोच मकर दागिना होऊन पंढरपूरच्या विठोबाच्या कानांत कुंडलांच्या रूपाने बसला आहे. ज्यांनी लाट कधी पाहिली नाही, त्यांनी समुद्र असा अंगावर बाळगला.

हे दागिने ज्या हातांनी घडवले, त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. त्या बिननावाच्या कारागिरांमधून एक नाव मात्र सातशे वर्षे टिकून राहिले. संत नरहरी सोनार.

तो काळ देवगिरीच्या यादवांचा. देवगिरी म्हणजे आपल्या शहराबाहेरचा हा दौलताबादचा किल्ला. तेव्हा देवगिरी आणि पंढरपूर यांचे नाते फार जवळचे होते. विठ्ठलमंदिराला १२७३ ते १२७७ या काळात मिळालेल्या देणग्यांची नोंद करणारा चौऱ्यांशीचा शिलालेख पंढरपुरात आहे. त्यात रामदेवराव यादव आणि हेमाद्री पंडित ही नावे आहेत. राजापासून सामान्यापर्यंत सारे ज्या देवाला काही ना काही वाहत होते, त्या देवाच्या गावातच नरहरींचे दुकान होते आणि त्या देवाकडे ते ढुंकूनही बघत नव्हते!

घराणे सोनारांचे आणि कट्टर शिवभक्तांचे. रोज शंकराची पूजा करावी आणि मग शेगडी फुलवावी, हा नरहरींचा परिपाठ. विठ्ठलाचे दर्शन तर सोडाच, मंदिराचा कळससुद्धा नजरेस पडू नये म्हणून ते मान खाली घालून चालत, असे सांगतात. गावात याची चर्चा होत असणारच. पण हात असा कसबी, की दागिना हवा तर नरहरीकडेच जावे लागे.

पुढची कथा महिपतींनी १७६२ साली ‘भक्तविजय’ ग्रंथात सांगितली आणि कीर्तनकारांनी ती घरोघरी पोचवली. एका सावकाराने मुलासाठी विठ्ठलाला नवस केला होता. मूल झाले. देवाला सोन्याचा करगोटा करायचा ठरला. सावकार नरहरींकडे आला. नरहरी म्हणाले, काम करीन. पण देवळात येणार नाही, माप तुम्ही आणा. सावकाराने माप आणले. नरहरींनी करगोटा घडवला. देवाच्या कमरेला लावून पाहतात तर चार बोटे मोठा! दुरुस्त करून दिला, तर चार बोटे लहान. पुन्हा भट्टी, पुन्हा हातोडी, पुन्हा तेच.

ज्याने आयुष्यभर गुंजेच्या हिशेबात काम केले, त्याला चार बोटांची चूक म्हणजे केवढी नामुष्की! अखेर हाताच्या इभ्रतीपोटी ते देवळात जायला तयार झाले. पण डोळ्यांना फडके बांधून. मूर्तीच्या कमरेचे माप घ्यायला त्यांनी हात लावला तो काय! हाताला पाच मुखे लागली, दहा भुजा लागल्या, गळ्यातला सर्प लागला, कमरेचे व्याघ्रांबर लागले. हा तर आपला शंकर! घाईने फडके सोडले, तर समोर विटेवर विठ्ठल. पुन्हा डोळे झाकले, तर पुन्हा शंकर. असे दोन-तीनदा झाले आणि नरहरींच्या मनातली भिंत कोसळली. मग करगोटा असा बसला, की तसूभर फरक नाही. विठ्ठलाच्या मस्तकावर शिवलिंग आहे, असे वारकरी आजही सांगतात. नरहरींची कथा त्याच्याशी जोडूनच ऐकायची.

हरिहरांचे ऐक्य हा कथेचा अर्थ सर्वांना ठाऊक आहे. मला मात्र त्यातले माप अधिक विचारात पाडते. नरहरींच्या हातात खोट नव्हती, सोन्यात नव्हती, सावकाराच्या दोऱ्यातही नसावी. उणे एवढेच होते, की ज्याच्यासाठी घडवायचे त्याला घडवणाऱ्याने शिवलेच नव्हते.

बँकेच्या नोकरीत सोनेतारण कर्जाचे टेबल बरीच वर्षे माझ्याकडे होते. आमचा सराफ कसोटीच्या दगडावर डाग घासायचा, तेजाबाचा थेंब सोडायचा, तोलायचा. मी आकडा लिहायचा. आमच्या शाखेत चांदीवर कर्ज मिळत नसे. गळ्यातले, कानातले टेबलावर ठेवून परत जाणाऱ्या कितीतरी बायका मी पाहिल्या. गळा मोकळा आणि पायातल्या मासोळ्या फरशीवर टकटकत निघालेल्या. आमच्या वहीत ज्याला किंमत नव्हती, तेच अखेरपर्यंत अंगावर राहायचे.

ती मासोळी घडवणे वाटते तितके सोपे नाही. चांदी सुमारे ९६२ अंश सेल्सिअसला वितळते. अगदी शुद्ध चांदी मऊ, रोजच्या चालण्याने वाकेल, म्हणून तिच्यात थोडे तांबे मिसळतात. मुशीत रस करायचा, ओतायचा, ऐरणीवर ठोकून पट्टी काढायची. ठोकता ठोकता चांदी कडक होते, म्हणून मधून मधून तापवून ती पुन्हा नरम करायची. कानशीने शेपटी कोरायची, बारीक छिन्नीने एकेक खवला उठवायचा, टाकणखार लावून सांधे जोडायचे आणि शेवटी रिठ्याच्या पाण्याने उजळायचे. आता साच्यातून एका दाबात हजारो मासोळ्या पडतात. त्या वाईट असतात असे नाही, स्वस्तही पडतात. पण साच्यातली प्रत्येक मासोळी दुसरीसारखीच असते आणि माणसांची पावले तशी नसतात.

विठ्ठल भेटल्यावर नरहरींनी दुकान बंद केले नाही, ही गोष्ट मला मोठी वाटते. ज्ञानदेव-नामदेवांच्या त्या मेळ्यात गोरोबा मडकी घडवत होते, सावता माळी मळा शिंपत होते, सेना महाराज हजामत करत होते आणि नरहरी सोने तापवत होते. त्यांचा जो अभंग सर्वांत प्रसिद्ध आहे, त्यात देहाची शेगडी झाली आहे, अंतरात्म्याचे सोने आणि विवेकाचा हातोडा. परमार्थासाठी त्यांनी नवी भाषा शोधली नाही; दुकानात जी अवजारे हाताशी होती, त्यांनीच काम भागवले.

पंढरपुरात त्यांची समाधी आहे. माघ वद्य तृतीयेला त्यांची पुण्यतिथी असते आणि गावोगावचा सोनार समाज ती पाळतो. सुनेला, लेकीला मासोळ्या घ्यायच्या असतील, तर त्या सुमारास आपल्या सराफ्यात एखादा हाताने घडवणारा कारागीर शोधून पाहा. थोडे पैसे जास्त लागतील, दोन-चार दिवस थांबावे लागेल. कुणाच्या तरी हाती माप पाठवू नका मात्र. तिला सोबत न्या. तो चष्मा कपाळावर सारील, पाट पुढे ओढील आणि म्हणेल, बाई, पाय ठेवा.