संत थॉमस मोर : राजाची मर्जी आणि तिची किंमत



दरवर्षी २२ जून रोजी ख्रिस्तसभा इंग्लंडच्या दोन रक्तसाक्षींचे स्मरण करते. एक बिशप जॉन फिशर आणि दुसरे सर थॉमस मोर. मोर हे धर्मगुरू नव्हते की मठवासी नव्हते. ते वकील होते, संसारी गृहस्थ होते, चार मुलांचे वडील होते आणि काही काळ राजाच्या खालोखाल देशातील सर्वांत मोठे अधिकारी होते. नोकरी, पद, मानपान, वशिला या गोष्टींशी आपला रोजचा संबंध येतो. म्हणून त्यांचे जीवन आपण थोडे जवळून पाहू या.

सोळाव्या शतकातील इंग्लंडमध्ये पदासाठी परीक्षा नव्हती, जाहिरात नव्हती, मुलाखत नव्हती. न्यायाधीश, खजिनदार, राजदूत हे सारे राजाच्या मर्जीने नेमले जात. किताब आणि जमिनी राजाच देई. बिशपपदासाठीसुद्धा राजाच नाव सुचवी आणि रोमहून त्याला मान्यता मिळे. राजापर्यंत पोहोचायचे तर दरबारातील एखाद्या वजनदार माणसाचा आधार लागे. तो आपल्या माणसांना वर चढवी आणि ती माणसे त्याच्या शब्दाबाहेर जात नसत. भेटवस्तू देणे-घेणे ही रीतच होती. तिला लाच म्हणावे असे फारसे कुणाला वाटत नसे.

मोर यांचा जन्म १४७८ च्या सुमारास लंडनमध्ये झाला. वडील जॉन मोर वकील होते, पुढे न्यायाधीश झाले. त्यांनी मुलाला लहान वयातच कार्डिनल जॉन मॉर्टन यांच्या घरी सेवेला ठेवले. मॉर्टन कँटरबरीचे आर्चबिशप आणि राजाचे लॉर्ड चॅन्सेलर होते. मोठ्यांच्या घरी जेवण वाढता वाढता मुलाने रीतभात शिकावी, ओळखी व्हाव्यात, असा त्या काळचा शिरस्ता होता. मॉर्टन यांनी मुलाची हुशारी ओळखली आणि त्याला ऑक्सफर्डला पाठवले. म्हणजे मोर यांची पहिली पायरीही कुणाच्या तरी मेहेरबानीचीच होती. त्यात लाजण्यासारखे काही नाही. कुणीतरी हात दिल्याशिवाय आपल्यापैकी कोण वर आला आहे?

पुढे त्यांनी कायद्याचा अभ्यास केला. लंडनच्या कार्थुजियन मठाच्या सान्निध्यात राहून त्यांनी प्रार्थना आणि उपवासही केले. मठवासी जीवनाचा विचार त्यांच्या मनात होता, परंतु शेवटी त्यांनी संसार स्वीकारला. १५०५ साली जेन कोल्ट यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १५११ साली जेन वारल्या तेव्हा चारही मुले लहान होती. मोर यांनी ॲलिस नावाच्या विधवेशी दुसरा विवाह केला. मुलींनाही त्यांनी मुलाच्या बरोबरीने लॅटिन आणि ग्रीक शिकवले. त्या काळी ही फार मोठी गोष्ट होती.

१५१६ साली त्यांचा ‘युटोपिया’ हा लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध झाला. शहाण्या माणसाने राजाच्या चाकरीत शिरावे की नाही, याची त्यात चर्चा आहे. एक पक्ष म्हणतो की दरबारात खुशामतच चालते, चांगला सल्ला तिथे वाया जातो. दुसरा पक्ष म्हणतो की सगळे चांगले करता आले नाही तरी वाईट थोडे कमी करता येते, म्हणून सोडून जाऊ नये. त्यानंतर थोड्याच काळात मोर स्वतः आठव्या हेन्री राजाच्या सेवेत गेले. दोन्ही पक्ष किती खरे आहेत, हे त्यांना आता स्वतःच्या आयुष्यात कळायचे होते.

राजाची मर्जी बसली आणि पदे चालत आली. १५२१ साली त्यांना ‘सर’ हा किताब आणि खजिन्यातील मोठे पद मिळाले. १५२३ साली ते कॉमन्स सभागृहाचे सभापती झाले. १५२९ च्या ऑक्टोबरमध्ये ते लॉर्ड चॅन्सेलर झाले. राजा त्यांच्या चेल्सीच्या घरी येई, त्यांच्या गळ्यात हात टाकून बागेत फिरे. जावई विल्यम रोपर यांना याचा फार आनंद वाटला. मोर यांनी मात्र त्यांना बजावले की आपले डोके देऊन फ्रान्समधला एखादा किल्ला मिळत असेल, तर राजा ते द्यायला मागेपुढे पाहणार नाही.

हा इशारा खोटा नव्हता. मोर यांच्या आधीचे चॅन्सेलर कार्डिनल वुल्झी हे इप्सविच गावातील सामान्य घरातून आलेले. राजाच्या कृपेने ते देशातील सर्वांत श्रीमंत माणसांपैकी एक झाले. परंतु राणी कॅथरिनशी झालेला विवाह रद्दबातल ठरवून हवा, ही राजाची मागणी ते रोमकडून मान्य करून आणू शकले नाहीत. तेवढ्यावरून सारे गेले. १५३० साली राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना लंडनकडे नेत असताना वाटेतच त्यांना मरण आले.

मोर यांनी पद कसे सांभाळले, हे रोपर यांनी लिहून ठेवले आहे. एका बाईने नववर्षाची भेट म्हणून हातमोजे दिले आणि त्यांत चाळीस पौंडांची सोन्याची नाणी घातली. मोर यांनी भेटीचा मान राखून मोजे ठेवले आणि नाणी परत केली. स्वतःच्या एका जावयाचा खटला त्यांच्यापुढे आला. तो समजावून ऐकेना, तेव्हा त्यांनी त्याच्या विरुद्ध निकाल दिला. दुसरा एक जावई तक्रार करी की सासरे एवढ्या मोठ्या पदावर असून आपल्याला काही मिळकत होत नाही. आपल्याकडेही अशी तक्रार करणारे जावई सापडतील. असे सासरे मात्र थोडे!

तथापि संतांचे जीवन सांगताना अडचणीची गोष्ट झाकून ठेवू नये. मोर चॅन्सेलर असताना सहा जणांना पाखंडी ठरवून जिवंत जाळण्यात आले. मोर यांचा अशा शिक्षेला पाठिंबा होता. त्या काळी बहुतेकांना ते योग्य वाटे, पण म्हणून ते योग्य ठरत नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००० साली मोर यांना राजकारण्यांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले, तेव्हा त्यांच्यावरील काळाच्या मर्यादेचा उल्लेख केला होता. दुसऱ्याच्या सद्सद्विवेकबुद्धीचा मान राखायला सत्ता सहजासहजी शिकत नाही, हा धडा यातून घ्यावा.

१५३२ साली, १५ मे रोजी इंग्लंडच्या धर्मगुरूंनी राजापुढे मान तुकवली. राजाच्या संमतीशिवाय ख्रिस्तसभेचे नवे नियम करणार नाही, असे त्यांनी मान्य केले. दुसऱ्याच दिवशी मोर यांनी पदाचा राजीनामा दिला. त्यांनी आरडाओरडा केला नाही, राजाची निंदा केली नाही. मिळकत एकदम घटली. नोकरांना दुसरीकडे कामे लावून दिली, घरचा खर्च कमी केला. धर्माच्या बाजूने लिहिल्याबद्दल बिशपांनी हजारो पौंड गोळा करून देऊ केले, तेही त्यांनी नाकारले. १५३३ साली ॲन बोलीनचा राज्याभिषेक ठरला. सोहळ्यासाठी झगा शिवावा म्हणून तीन बिशपांनी त्यांना वीस पौंड पाठवले. मोर यांनी पैसे ठेवून घेतले आणि सोहळ्याला मात्र गेले नाहीत!

राजाला हे विसरता आले नाही. १५३४ च्या एप्रिलमध्ये नव्या वारसाहक्काची शपथ घेण्यास मोर यांनी नकार दिला आणि त्यांची रवानगी टॉवर ऑफ लंडनमध्ये झाली. राजाने दिलेल्या जमिनी राजाने काढून घेतल्या. पत्नी ॲलिस यांनी रागावून विचारले की चेल्सीला चांगले घर असताना या उंदीर-घुशींत का राहता? लाडकी लेक मार्गारेट हिनेही विनवले. तिने स्वतः शपथ घेतली होती. मोर यांनी शपथ घेणाऱ्या कुणालाही दोष दिला नाही. फक्त आपल्याला ते जमणार नाही, एवढेच सांगितले. आधी सत्तेवर असताना न उमगलेली गोष्ट त्यांना कोठडीत उमगली असावी, असे मला वाटते.

१ जुलै १५३५ रोजी वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये खटला चालला. याच वास्तूत मोर न्यायदान करीत असत. मुख्य साक्ष दिली रिचर्ड रिच याने. हा तरुण वकील मोर यांच्या जुन्या ओळखीचा. दोन वर्षांपूर्वी तो राजाचा सरकारी वकील झाला होता. कोठडीतील बोलण्यात मोर यांनी राजाचे धर्मप्रमुखपद नाकारले, असे त्याने सांगितले. मोर यांनी ही साक्ष खोटी असल्याचे शपथेवर सांगितले, पण पंचांनी पाव तासात दोषी ठरवले. ६ जुलै रोजी टॉवर हिलवर त्यांचा शिरच्छेद झाला. मरताना त्यांनी राजाला शिव्याशाप दिले नाहीत.

आणि रिच? पुढच्याच वर्षी, १५३६ साली, बरखास्त केलेल्या मठांच्या मालमत्तेचा कारभार पाहणारे मोठे पद त्याला मिळाले. मठांच्या जमिनी त्याच्याकडे आल्या. १५४७ साली तो लॉर्ड झाला आणि त्याच साली मोर यांच्याच पदावर, लॉर्ड चॅन्सेलरच्या खुर्चीवर बसला. राजे बदलले, धर्माचे धोरण बदलले, रिच प्रत्येक वेळी टिकून राहिला आणि १५६७ साली वृद्धापकाळी मरण पावला. जगाच्या हिशेबात जिंकला तो रिच. हे मान्य करूनच मोर यांच्याकडे पाहायला हवे, नाहीतर त्यांनी काय गमावले हे आपल्याला कळणारच नाही.

इंग्लंडमध्ये हा प्रश्न मोर यांच्याबरोबर संपला नाही. १९२० च्या सुमारास पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांच्या काळात पैसे घेऊन किताब विकले गेले आणि १९२५ साली त्याविरुद्ध कायदा करावा लागला. तेव्हा दोष केवळ राजेशाहीचा नव्हे. देणारा आणि घेणारा असतो तिथे हा मोह असतोच.

आमच्याकडेही शाळाप्रवेशासाठी, नोकरीसाठी शिफारसपत्र मागायला लोक येतात. लायक मुलासाठी शब्द टाकणे पाप नाही. मॉर्टन यांनी मोरसाठी तेच केले. फरक ओळखायचा तो कृतज्ञता आणि विक्री यांतला. ज्याने उपकार केले त्याचे आभार मानावेत, त्याचे काम प्रामाणिकपणे करावे, त्याच्यासाठी प्रार्थना करावी. परंतु त्याने खोटी सही मागितली, खोटी साक्ष मागितली, तर उपकाराची फेड तशी होत नाही. तेव्हा त्याचे पद त्याला परत देता आले पाहिजे. मोर यांना ते देता आले, कारण ते हाती असतानाच त्यांनी ते आपले मानले नव्हते.

आपल्या गावात, सोसायटीत, बँकेत, राजकारणात जे बंधु-भगिनी पदावर आहेत, त्यांच्यासाठी या आठवड्यात संत थॉमस मोर यांच्या मध्यस्थीने प्रार्थना करू या. आणि त्यांच्याकडे काम घेऊन जाताना आपण त्यांच्यापुढे काय ठेवतो, नुसते हातमोजे की आत नाणीही, याचाही विचार करू या.