नॅथॅनिएल बाल्डविन

नॅथॅनिएल बाल्डविन (१ डिसेंबर १८७८, फिलमोर, युटा – १९ जानेवारी १९६१) हे अमेरिकन संशोधक व उद्योजक होते. आधुनिक हेडफोनचे जनक म्हणून ते ओळखले जातात. त्यांनी तयार केलेले संवेदनशील हेडफोन १९१० मध्ये अमेरिकी नौदलाने तपासून स्वीकारले. पहिल्या महायुद्धात बिनतारी संदेशवहनासाठी व त्यानंतर घरोघरी रेडिओ ऐकण्यासाठी ते मोठ्या प्रमाणावर वापरले गेले.

प्रारंभिक जीवन आणि शिक्षण

बाल्डविन यांचा जन्म मॉर्मन पंथीय कुटुंबात झाला. लहानपणापासून त्यांना यंत्रे बनविण्याचा नाद होता. प्रोव्हो येथील ब्रिगहॅम यंग अकॅडमीत आणि नंतर कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठात त्यांनी शिक्षण घेतले. विद्युत अभियांत्रिकीचा अभ्यास करून ते प्रोव्होला परतले व अकॅडमीत भौतिकशास्त्र आणि धर्मशास्त्र शिकवू लागले.

मॉर्मन चर्चने १८९० मध्ये बहुपत्नीत्वाची प्रथा अधिकृतपणे सोडली होती. बाल्डविन यांची मात्र त्या प्रथेवरील श्रद्धा कायम होती. या मतांमुळे त्यांना अध्यापनाची नोकरी गमवावी लागली. पुढे त्यांनी सॉल्ट लेक सिटीजवळील मिल क्रीक खोऱ्यातील जलविद्युत केंद्रात काम केले.

हेडफोनची निर्मिती

सॉल्ट लेक सिटीतील विशाल प्रार्थनागृहात दूर बसलेल्या श्रोत्यांना प्रवचने नीट ऐकू येत नसत. ध्वनी मोठा करण्याच्या बाल्डविन यांच्या प्रयोगांना तेथूनच चालना मिळाली. या प्रयोगांतून त्यांनी अत्यंत क्षीण विद्युतप्रवाहालाही प्रतिसाद देणारा रिसीव्हर तयार केला.

१९१० मध्ये त्यांनी आपल्या हेडफोनची माहिती देणारे पत्र अमेरिकी नौदलाला पाठविले. रंगीत कागदावर जांभळ्या शाईने लिहिलेले हे पत्र कार्यालयीन रीतीला धरून नव्हते. तरीही नौदलाने त्यांचा नमुना तपासला. वापरात असलेल्या हेडफोनपेक्षा तो स्पष्टपणे सरस ठरला व नौदलाने मागणी नोंदविली. बाल्डविन मात्र एका वेळी दहाच हेडफोनची मागणी स्वीकारू शकत होते, कारण ते काम घरच्या स्वयंपाकघरात चालत असे.

हेडफोनचा डोक्यावरील पट्टा सोयीचा नसल्याची तक्रार नौदलाने केली. तेव्हा बाल्डविन यांनी चामड्याने मढविलेल्या दोन तारांचा, कमी-जास्त करता येणारा हलका पट्टा तयार केला. त्याचे पेटंट घ्यावे, ही नौदलाची सूचना त्यांनी ही बाब क्षुल्लक मानून मनावर घेतली नाही.

रचना आणि कार्यपद्धती

त्या काळच्या साध्या रिसीव्हरमध्ये लोखंडाचा पातळ पडदा चुंबकासमोर बसविलेला असे. चुंबक त्याला सतत एका बाजूला ओढत असल्याने पडदा ताणलेला राही. हा ताण सोसण्यासाठी त्याला पुरेसा कडकपणा द्यावा लागे. परिणामी मंद संकेतांनी तो फारसा हलत नसे.

बाल्डविन यांनी चुंबकाचे काम व ध्वनिनिर्मितीचे काम वेगळे केले. त्यांच्या रचनेत लोखंडाची एक छोटी पट्टी, म्हणजे आर्मेचर, चुंबकाच्या ध्रुवांमध्ये तोलून धरलेली असे. दोन्ही बाजूंचे आकर्षण समान असल्याने ती स्थिर राही. भोवतीच्या वेटोळ्यातून किंचित प्रवाह वाहिला तरी तोल बदलून पट्टी हले. तिची हालचाल बारीक तारेमार्फत अभ्रकाच्या हलक्या पडद्याकडे पोहोचे व ध्वनी उमटे.

१९१० च्या सुमारास बिनतारी संचांत संकेत वाढविण्याची सोय सहसा नसे. स्फटिकाच्या साध्या संचात तर आकाशकाने टिपलेल्या ऊर्जेवरच ध्वनी निर्माण करावा लागे. त्यामुळे चांगला हेडफोन म्हणजे दूरच्या जहाजाचा संदेश ऐकू येणे, आणि सामान्य हेडफोन म्हणजे तो हुकणे, एवढा हा फरक होता. ध्वनीच्या मूळ स्वरूपाशी इमान राखण्यापेक्षा संवेदनशीलता येथे महत्त्वाची होती.

उद्योग आणि उत्तरायुष्य

वाढत्या मागणीमुळे बाल्डविन यांनी सॉल्ट लेक सिटीनजीक ईस्ट मिलक्रीक येथे कारखाना उभारला. १९२० नंतर रेडिओ प्रसारणाचा प्रसार होताच हा व्यवसाय भरभराटीला आला. त्यांच्या रिसीव्हरला कर्णा जोडून ध्वनिक्षेपकही तयार केले जात.

बहुपत्नीत्वाच्या समर्थकांना बाल्डविन यांनी कारखान्यात काम दिले व आर्थिक मदतही केली. चर्चने त्यांना बहिष्कृत केले. १९२४ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. पुढील उद्योगाच्या भांडवल उभारणीप्रकरणी टपालाद्वारे फसवणूक केल्याच्या आरोपावरून ते दोषी ठरले. वॉशिंग्टन राज्यातील मॅकनील बेटावरील तुरुंगात त्यांनी शिक्षा भोगली. सुटकेनंतर त्यांना पूर्वीचे वैभव पुन्हा लाभले नाही.

वारसा

इलेक्ट्रॉनिक प्रवर्धक सर्वत्र उपलब्ध झाल्यावर हेडफोनच्या निवडीचे निकष बदलले. क्षीण संकेत पकडण्याऐवजी मूळ ध्वनीशी प्रामाणिक राहणे महत्त्वाचे ठरले व हलत्या वेटोळ्याचे हेडफोन प्रचलित झाले. आजही ध्वनिमुद्रणाची पारख करणारा अभियंता समतोल प्रतिसाद पाहतो. गोंगाटात काम करणाऱ्या डीजेला मात्र बाहेरचा आवाज अडविणारा, पुरेसा मोठा आवाज देणारा व टिकाऊ हेडफोन लागतो. हेडफोनची योग्यता कामावरून ठरते, हे नौदलाच्या चाचणीतूनही दिसले होते.

संतुलित आर्मेचरचे तत्त्व मात्र मागे पडले नाही. अत्यल्प ऊर्जेत व थोड्या जागेत काम करत असल्याने ते श्रवणयंत्रांत वापरले जाते. रंगमंचावर गायक-वादक कानाच्या आत घालतात, त्या अनेक इअरफोनमध्येही सुधारित रूपात हेच तत्त्व आढळते. बाल्डविन यांनी क्षुल्लक मानलेला, कमी-जास्त करता येणारा पट्टा तर आज बहुतेक हेडफोनचा अविभाज्य भाग आहे.